ऑपरेशननंतरच्या रात्री श्वास कोण मोजणार?

ऑपरेशन चांगलं झाल्याचं डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, पेशंट वॉर्डात येतो, सलाईन चालू असते आणि तो शांत झोपलेला असतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो तो इथे. निम्मे नातेवाईक घरी जातात, मागे राहिलेला एकजण खाटेशेजारी चादर अंथरून आडवा होतो. पण सगळ्यांत जास्त जागं राहायला हवं ते याच वेळी. दुखू नये म्हणून दिलेली मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल यांसारखी औषधं वेदना दाबतात, तशीच मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्रालाही गुंगी आणतात. बहुतेकांच्या बाबतीत ती किरकोळ असते आणि आपोआप ओसरते. काहींचा श्वास मात्र मंद होत जातो, मग उथळ होतो, आणि वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही तर थांबतो. यात पेशंट तडफडत नाही, कण्हत नाही, घंटा वाजवत नाही. तो फक्त जास्त जास्त शांत होत जातो आणि पाहणाऱ्याला वाटतं, बरं झालं, झोप लागली.

औरंगाबादेत भूल देण्याचं काम करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. या प्रकारात जीव वाचतो तो बहुधा महागड्या यंत्रामुळे नव्हे, तर कुणीतरी जवळ बसून श्वासाकडे बघत होतं म्हणून. आपल्याकडे रात्री खाटेशेजारी नातेवाईक असतोच. त्याला काय बघायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

या विषयाशी आपल्या भागाचं एक जुनं नातं आहे, आणि ते इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं तेव्हाची गोष्ट. भुलीसाठी क्लोरोफॉर्म देताना पेशंट दगावत, आणि आधी हृदय थांबतं की श्वास, यावर युरोपातल्या डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो, म्हणून क्लोरोफॉर्म देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवून बसू नये, छातीकडे बघावं. ते स्वतः एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकलेले होते आणि हा धडा त्यांनी तिथूनच आणला होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पाठबळावर १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला त्याचा निष्कर्ष पटला नाही. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि तुमचा माणूस पाठवून स्वतः बघा असं कळवलं. त्यानुसार १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादला आले आणि शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले. लॉरी यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रूपाबाई फर्दूनजी तिथे क्लोरोफॉर्म देत असत. भूल देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

क्लोरोफॉर्मच्या बाबतीत लॉरींचं म्हणणं निम्मंच खरं निघालं. भूल हलकी असताना क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लय बिघडवू शकतो हे पुढे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिलं. पण मॉर्फिनच्या घराण्यातल्या औषधांना लॉरींचा नियम तंतोतंत लागू पडतो. आधी श्वास मंदावतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि हृदय थांबतं ते त्यानंतर. मधली ही काही मिनिटं हाताशी असतात. नाडी चालू आहे, अंग गरम आहे म्हणून निश्चिंत झालेला नातेवाईक नेमकी हीच मिनिटं हरवून बसतो. आपल्याकडे सवयच आहे, कपाळाला हात लावायचा, मनगट धरून बघायचं. त्या रात्री हात कपाळावर जाऊ द्या, पण नजर छातीवर ठेवा.

आता प्रत्यक्ष कसं बघायचं ते सांगतो. पेशंटला न सांगता मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट लावा आणि छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण या औषधांत श्वास विस्कळीत होतो: चार भराभर, मग मोठा खंड. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो १० च्या खाली गेला तर सिस्टरना बोलवायचं आणि ८ च्या खाली गेला तर धावत जाऊन बोलवायचं. दोन श्वासांमध्ये १० सेकंदांपेक्षा मोठा खंड पुन्हा पुन्हा पडत असेल, तर आकडा कितीही आला तरी बोलवायचं. मोजून झालं की हाताची मागची बाजू नाकाजवळ धरा आणि वारा लागतो का बघा. कधी कधी छाती हलत असते, पोट खालीवर होत असतं, पण जीभ मागे पडल्यामुळे हवा आत जातच नसते. अशा वेळी घुसमटल्यासारखं घोरणं ऐकू येतं आणि मग एकदम शांतता होते. ती शांतता घोरण्यापेक्षा जास्त धोक्याची असते.

पण श्वासाच्या आकड्याच्याही आधी एक खूण दिसते, आणि ती ओळखायला घड्याळसुद्धा लागत नाही. ती म्हणजे वाजवीपेक्षा जास्त झोप. अमेरिकेत भूलतज्ज्ञांविरुद्ध झालेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनाशामक औषधांमुळे ऑपरेशननंतर श्वास मंदावल्याची ९२ प्रकरणं त्यात तपासली होती. त्यांतल्या ८८ टक्के घटना ऑपरेशननंतरच्या पहिल्या २४ तासांत घडलेल्या होत्या आणि ६२ टक्के पेशंट आधीच फार गुंगीत असल्याची नोंद होती. तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मते ९७ टक्के घटना नीट लक्ष ठेवलं असतं तर टळल्या असत्या. या अभ्यासातला माझ्या मनात रुतून बसलेला आकडा मात्र वेगळा आहे. ४२ टक्के प्रकरणांत नर्सने दोन तासांच्या आत पेशंटला पाहिलं होतं, आणि १६ टक्क्यांत तर अवघ्या पंधरा मिनिटांपूर्वी. म्हणजे फेरीवर येऊन जाणाऱ्या माणसाला हे सापडत नाही, तो कितीही कामसू असला तरी. सतत शेजारी असलेल्यालाच ते सापडतं.

त्यामुळे पहिल्या रात्री पेशंटला हाक मारत चला. साधारण तासाभराने नावाने हाक मारा, खांद्याला हलकं हलवा आणि उत्तर द्यावंच लागेल असं काही विचारा. ‘अण्णा, कोण आलंय ओळखा’ किंवा ‘ताई, आज वार कोणता?’ डोळे उघडून नीट उत्तर आलं आणि मग पुन्हा झोप लागली तर काळजी नाही. डोळे उघडले, पण वाक्य अर्धं राहिलं आणि बोलता बोलता माणूस पुन्हा गुंगीत गेला, तर त्याला झोप म्हणायचं नाही. औषध जास्त झाल्याची ती खूण आहे आणि श्वासाचा आकडा चांगला असला तरी सिस्टरना तेव्हाच सांगायचं. हलवूनही उठत नसेल तर आणखी वाट बघायची नाही.

इथे घरातलं एक वाक्य आडवं येतं: ‘झोपू द्या हो त्यांना, दोन रात्री झोपले नाहीत.’ ते मायेपोटी येतं, म्हणून कुणी मोडत नाही. पण पहिल्या रात्रीपुरतं ते मोडा. झोप मोडल्यामुळे पेशंटचं काहीच बिघडत नाही. आणखी एक मागणी आम्हाला रोज ऐकू येते: ‘सिस्टर, त्यांना झोप लागत नाही, झोपेचं इंजेक्शन द्या ना.’ मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू असताना वरून झोपेचं औषध गेलं तर दोन्ही मिळून श्वासावर जी झापड आणतात, ती त्या दोघांच्या बेरजेहून मोठी असू शकते. अॅलप्राझोलाम, मिडाझोलाम, जुनं फेनरगन, नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं प्रेगाबालिन आणि गाबापेंटिन ही सगळी यात येतात. शेवटच्या दोन औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये खास इशारा दिला होता. घरून आणलेली रोजची झोपेची गोळी पेशंटच्या उशाखालून निघते तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, मग ती दहा वर्षांपासून चालू असली तरी.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण कोविडनंतर घरोघरी ते यंत्र आलं आणि त्यावर लोकांचा विश्वास बसला. यंत्र उत्तमच आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व शोधलं आणि भूलशास्त्रात त्याने क्रांती केली. पण ते मोजतं रक्तातला ऑक्सिजन. श्वास किती होतोय हे ते मोजत नाही. पेशंटच्या नाकाला ऑक्सिजनची नळी नसेल, तर श्वास मंदावला की आकडा लवकर उतरतो आणि आपण सावध होतो. नळी लावलेली असेल तर मिनिटाला पाच-सहा श्वास घेऊनही रक्तात पुरेसा ऑक्सिजन राहतो, आकडा ९८ दाखवतो आणि सगळे निश्चिंत असतात. तेवढ्यात आत कार्बन डायऑक्साइड साचत असतो. त्याचीही गुंगी येते, त्या गुंगीने श्वास आणखी मंदावतो, आणि आकडा कोसळतो तेव्हा फार थोडा वेळ उरलेला असतो. छिद्र पडलेल्या टाकीत वरून नळ चालू असावा, तसा तो ऑक्सिजन पातळी दिसायला टिकवून धरतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ नावाचं यंत्र ही फसगत पकडतं. ते ऑपरेशन थिएटरमध्ये असतं, चांगल्या आयसीयूत असतं, साध्या वॉर्डात क्वचितच. म्हणून ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटच्या बाबतीत ऑक्सिमीटरच्या जोडीला तुमचं मोजणं लागतंच. यंत्राचा आवाज मध्येच त्रासदायक वाटतो म्हणून अलार्म बंद करू नका आणि बोटावरची क्लिप काढून ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

साधा वॉर्ड किती फसवा असतो याचा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. अमेरिका, युरोप आणि आशियातल्या रुग्णालयांत जनरल वॉर्डातल्या १३३५ पेशंटना सतत यंत्रं लावून ठेवली, तेव्हा ४६ टक्क्यांमध्ये श्वास मंदावण्याचा किमान एक प्रसंग सापडला. त्यांतले बहुतेक प्रसंग आपोआप सुधारले, पण इतके प्रसंग होतात हेच आधी कुणाला दिसत नव्हतं. जास्त धोका कुणाला, हेही त्यातून पुढे आलं. साठीच्या पुढचं वय, पुरुष असणं, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, हृदयाचा जुना विकार आणि ही औषधं पूर्वी कधी न घेतलेली असणं. शेवटचा मुद्दा आपल्या खेड्यापाड्यांतल्या पेशंटना नेमका लागू होतो. आयुष्यात पॅरासिटामॉलपलीकडे काही न घेतलेल्या बाईला ट्रामाडॉलची नेहमीची मात्रासुद्धा भारी पडू शकते. याशिवाय किडनी अधू असेल तर मॉर्फिन आणि ट्रामाडॉलचे अंश शरीरात साचत जातात आणि गुंगी दुसऱ्या दिवशीही वाढू शकते.

म्हणून भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी तपासायला येतात तेव्हा खरं सांगा, सगळं सांगा. ‘घोरता का?’ या प्रश्नावर माणसं हसतात, बायको नवऱ्याकडे बघते आणि विषय संपतो. तो संपू देऊ नका. झोपेत श्वास थांबून दचकून उठणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं, गळ्याचा घेर मोठा असणं हे आम्हाला ऐकायचंच असतं. घरी सीपॅप मशीन वापरत असाल तर रुग्णालयात सोबत घेऊन या आणि पहिल्या रात्री लावा. दारू रोज होते का, हे नातेवाइकांसमोर सांगायचं नसेल तर त्यांना बाहेर जायला सांगा, पण आम्हाला सांगा. आधीच्या ऑपरेशननंतर ‘शुद्धीवर यायला फार वेळ लागला’ असं घरात कुणी म्हणालं असेल, तर तेही सांगा.

क्रांती चौक, उस्मानपुरा, सिडको, गारखेडा, जालना रोड या भागांत छोटी-मोठी रुग्णालयं एकाला एक लागून आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, एक ऑपरेशन उरकून दुसरीकडे जातात. ही पद्धत देशभर आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण मग रात्रीचा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा: ‘रात्री वॉर्डात डॉक्टर कोण असतील? भूलतज्ज्ञांना फोन कोण करेल?’ कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, विशेषतः सिझेरियननंतर, तर आणखी एक विचारा: ‘त्यात मॉर्फिन घातलं आहे का?’ मणक्यात दिलेलं मॉर्फिन फार कमी मात्रेत चोवीस तास वेदना थांबवतं, म्हणून ते मोलाचं आहे. पण त्याचा श्वासावरचा परिणाम उशिरा, सहा-बारा तासांनी, कधी त्याहीनंतर दिसू शकतो. अशा पेशंटला पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी तपासावं, अशी भूलतज्ज्ञांची मार्गदर्शक पद्धत आहे. बाळंतिणीच्या बाबतीत जाता जाता एक सांगतो. रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, तर त्यानेही श्वास मंदावतो. म्हणूनच सिस्टर गुडघ्याचा झटका आणि लघवीचं माप वारंवार बघतात. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा आहे.

हे सगळं वाचून ‘नकोच मग ती औषधं’ असं कुणाच्या मनात आलं, तर मी नाराज होईन. वेदना सोसण्यात शौर्य नाही. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. वेदना थांबवल्यानेही श्वास सुधारतो, हे विसरून चालणार नाही. मॉर्फिनची मात्रा कमी पडावी म्हणून आम्ही पॅरासिटामॉल नियमित देतो, किडनी आणि पोट चांगलं असेल तर डायक्लोफिनॅकसारखी औषधं जोडतो, आणि सोनोग्राफीवर बघून नस बधिर करण्याचा ब्लॉक देतो. ब्लॉकची सोय आहे का, हे विचारायला लाजू नका. काही रुग्णालयांत पेशंटच्या हाती बटण असलेला पंप देतात. दुखलं की पेशंटने बटण दाबायचं आणि ठरलेली छोटी मात्रा जाते. ते बटण पेशंटशिवाय कुणीही दाबायचं नाही, अगदी प्रेमाने, ‘त्यांना त्रास नको’ म्हणूनही नाही. गुंगीतला माणूस बटण दाबत नाही, हीच त्या पंपाची मुख्य सुरक्षा आहे. नातेवाइकाने दाबलं की ती नाहीशी होते.

श्वास मंदावल्याचं लक्षात आलं तर तुम्ही काय करायचं? मोठ्याने हाक मारा, हलवा, ‘श्वास घ्या, मोठा श्वास घ्या’ असं सांगत राहा. या औषधांची एक खासियत अशी की श्वासाची आठवण पुसट होते, पण सांगितलं की माणूस श्वास घेतो. दुसऱ्याला सिस्टरकडे धाडा. उशी मानेखाली आली असेल तर काढा, हनुवटी वर उचला, खाटेचं डोकं जरा उंच करा. पाणी पाजू नका.

सिस्टर आणि डॉक्टर पुढे काय करतात हेही माहीत असलेलं बरं, म्हणजे तिथे अडथळा होत नाही. चालू असलेलं गुंगीचं औषध आधी बंद होतं. हनुवटी वर करून वाट मोकळी करतात, ऑक्सिजन वाढवतात आणि गरज पडली तर मास्क व अंबू बॅगने श्वास देतात. नॅलोक्सोन हा उतारा त्यानंतर. १९६१ मध्ये अमेरिकेत बनवलेलं हे औषध मॉर्फिनच्या जागा बळकावून त्याला बाजूला सारतं. त्याची ०.४ मिलिग्रॅमची कुपी दहा मिलिलिटरपर्यंत पातळ करून एक-दोन मिलिलिटर, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेवढंच, असं श्वास सुधारेपर्यंत द्यायचं असतं. छोट्या रुग्णालयांतल्या तरुण डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की ऑपरेशननंतरच्या पेशंटला सगळी कुपी एकदम देऊ नका. वेदना एकदम परत उसळते, रक्तदाब भडकतो, क्वचित फुप्फुसात पाणी होतं. हाताला बॅग लागली असेल तर उताऱ्याची घाई करायचं कारण उरत नाही, कारण श्वास तुमच्या हातात आला आहे.

नॅलोक्सोननंतर पेशंट डोळे उघडतो, बोलतो, आणि वॉर्डातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. तिथेच दुसरा धोका दडलेला असतो. नॅलोक्सोनचा असर तासाभरात ओसरू लागतो, मॉर्फिनचा त्याहून कितीतरी जास्त टिकतो. म्हणजे ‘बरा झालेला’ पेशंट तासा-दीड तासाने पुन्हा तशाच गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे त्याला उताऱ्यानंतर कित्येक तास आयसीयूत किंवा नजरेसमोर ठेवावं लागतं. ‘आता ठीक आहेत, मग आयसीयूचा खर्च कशाला?’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. मिडाझोलामसारख्या औषधाने गुंगी आली असेल, तर त्याचा उतारा फ्लुमाझेनिल हा वेगळा आहे, आणि तोही लवकर ओसरतो.

कधी कधी श्वास कमी पडण्याचं कारण वेगळंच असतं. पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध देतात. त्याचा अंश राहिला तर पेशंट जागा असतो, डोळ्यांत भीती असते, हातपाय झटकल्यासारखे हलतात, मान उचलून पाच सेकंद धरता येत नाही. अशा पेशंटला अस्वस्थ म्हणून झोपेचं औषध देणं घातक ठरतं. हे ओळखायचं काम आमचं. पण तो खुणेने ‘दम पुरत नाही’ म्हणत असेल तर ते खरं माना आणि लगेच कळवा.

घाटीत, म्हणजे १९५६ पासून इथे उभ्या असलेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्यापासून पेशंट येतात. इतर रुग्णालयांतही तेच. म्हणजे सुटी झाल्यावरचा प्रवास लांबचा. कन्नड, सिल्लोड, वैजापूर किंवा त्यापुढे जायचं असेल आणि निघताना वेदनेचं इंजेक्शन दिलं असेल, तर निदान काही तास थांबून पेशंट नीट जागा आहे हे बघून मगच निघा. जीपच्या मागच्या सीटवर हनुवटी छातीला टेकवून झोपलेल्या पेशंटची श्वासाची वाट तशीच अर्धी बंद होते. त्याच्याशेजारी जागा माणूस बसवा आणि बोलतं ठेवा.

घरी ट्रामाडॉलची पट्टी असेल तर ठरल्या वेळीच द्या, दुखलं म्हणून दोन गोळ्या देऊ नका, आणि ते चालू असताना दारूचा थेंबही नको. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आलं आहे, ते उगाच नाही. लहान मुलाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर घरात उरलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा मोठ्यांची ट्रामाडॉल त्याला कधीही देऊ नका. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने करतं. अशा मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं देऊच नयेत असं जाहीर केलं. वेदनेचा पॅच लावून घरी पाठवलं असेल तर त्यावर शेकायची पिशवी ठेवू नका, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पेशंटला पत्र्याच्या खोलीत झोपवू नका. उष्णतेने पॅचमधलं औषध जास्त वेगाने अंगात जातं, आणि तो काढून टाकला तरी कित्येक तास असर राहतो. फेंटानिलचा पॅच तर ऑपरेशनच्या ताज्या वेदनेसाठी वापरायचाच नसतो. दिला असेल तर डॉक्टरांना विचारा.

घरी पेशंट हाकेला उठेना, ओठ निळसर दिसू लागले किंवा घशात घरघर येऊन श्वास अडखळू लागला, तर १०८ ला फोन करा. जोराने हलवून बघा, पॅच असेल तर ओढून काढा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल किंवा फक्त आचके येत असतील, तर उताणं ठेवून हनुवटी वर करा, छाती दाबायला लागा आणि जमत असेल तर तोंडाने श्वासही द्या. या औषधांच्या बाबतीत नुसती छाती दाबण्यापेक्षा श्वास देणं फार महत्त्वाचं ठरतं. रुग्णवाहिकेत बसताना डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची रिकामी पाकिटंही बरोबर घ्या. पाकिटावर ब्युप्रेनॉर्फिन लिहिलेलं असेल तर नॅलोक्सोन नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त वेळ द्यावं लागतं. ट्रामाडॉल असेल तर झटके येण्याचीही तयारी ठेवावी लागते.